आरेचा चढ

मुंबईत थंडी पडल्याची बातमी मला वर्तमानपत्राच्या आधी माझा डावा गुडघा देतो. पौष लागला की पहाटे उठून बसताना तो कुरकुरतो. मग मी खाटेच्या कडेला बसून त्याला दोन्ही हातांनी चोळत राहतो आणि मुलुंडच्या आमच्या इमारतीखालून पळत जाणाऱ्यांच्या बुटांचे आवाज ऐकतो. पोपटी, नारिंगी बनियन घातलेली ही मंडळी टेकडीच्या दिशेने जातात. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ म्हणे नाडीचे ठोकेसुद्धा मोजतं. मोजो बापडं. आम्हाला आमचे ठोके कानात ऐकू यायचे, तेही फुकट.

माझी मुलगी मृणाल यंदा त्यांच्यात सामील झाली आहे. परवा बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिनं विचारलं, "बाबा, तुमचा बेस्ट टाइम किती होता हो? डोंगरातल्या मॅरेथॉनचा?" मी म्हटलं, "विसरलो." खरं म्हणजे तो आकडा मी झोपेतही सांगेन. पण आकडा सांगितला की मागचं-पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि सकाळी सकाळी माझ्यात तेवढं त्राण नसतं. ती गेली. मी चहा घेतला आणि मग दिवसभर त्या जुन्या थंडीत भटकत राहिलो.

ऐंशीच्या दशकात आम्ही भांडुपला डोंगरावर राहायचो. डोंगरावर म्हटलं की हल्ली लोकांना बंगला वाटतो. आमच्या चाळी डोंगराच्या पोटाला कशाबशा चिकटलेल्या होत्या आणि नळ होता खाली, रस्त्यावर. त्यामुळे आमच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही डोक्यावर हंडा घेऊन चढायचा सराव. मला कोणी विचारलं, की बाबा रे, तू चढाचं धावणं कुठे शिकलास, तर मी सांगायचो, नळावर. लोकांना ती थट्टा वाटायची.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आई आणि मी. आई मालवणकडची, मुंबईत उभा जन्म काढूनही तिच्या बोलण्याला इथलं पाणी लागलं नव्हतं. ती शाळेच्या खानावळीत पोळ्या लाटायला जायची आणि मी एका कारखान्यात लेथवर उभा असायचो. दिवसभर उभा. लोक धावून दमतात, मी उभं राहून दमायचो आणि धावून ते दमणं जरा वेगळ्या जागी हलवायचो, एवढंच.

त्या थंडीतल्या पहाटेची आठवण म्हणजे आधी पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, वर खाराची कैरी. आई माझ्या आधी उठून स्टोव्ह पेटवायची. पंप मारण्याचा तो आवाज, रॉकेलचा वास, आणि मग वाडग्यातून तोंडावर येणारी वाफ. पेज पिऊन मी खाली उतरायचो, दूधकेंद्रापाशी बाटल्यांच्या रांगेत लोकांनी नंबराला ठेवलेल्या पिशव्या आणि दगड ओलांडायचो आणि पाइपलाइनच्या कडेने पवईकडे निघायचो. शहराला पाणी नेणारे ते अजस्र नळ दवानं भिजलेले असायचे. पवईच्या तलावावर धुकं असं बसलेलं, की पलीकडचा डोंगर आहे की नाही याची खात्री वाटू नये. त्यापुढे आरेची टेकडी सुरू व्हायची आणि नाकात गोठ्यांचा वास शिरायचा, शेणाचा, ओल्या चाऱ्याचा, तापवलेल्या दुधाचा. तो वास आजही कुठे आला तर माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

तलावापाशी डॉमनिक भेटायचा. मरोळच्या गावठाणातला, आमच्याच कारखान्यात फिटर. तोही धावायचा, पण आनंदासाठी. त्याचं माझ्याबद्दलचं मत ठाम होतं. "तू ना, येडा आहेस," तो धावता धावता म्हणायचा. "पहिला येणारेस? नाय. मेडल मिळणारे? नाय. मग कोणाशी भांडतोस यार?"

त्याला मी काय सांगणार? पवईहून निघून आरेच्या टेकड्यांतून गोरेगावच्या टोकापर्यंत जायचं आणि त्याच चढांनी परत यायचं, अशा दोन फेऱ्यांची ती मॅरेथॉन. पहिल्यांदा धावलो तेव्हा कसलीही अपेक्षा नव्हती, आणि पाय जणू कोणी दुसराच उचलत होता. तेव्हा जो टाइम लागला, तो माझा सर्वांत चांगला टाइम. पुढच्या वर्षी त्याहून लवकर यायचं म्हणून सगळी थंडी सराव केला आणि जास्त वेळ लागला. बस्स, तिथून ते भूत मानगुटीवर बसलं. दुसऱ्याशी हरलं तर माणूस त्याला शिव्या घालून मोकळा होतो. इथे पुढे पळणारा मीच होतो, एका वर्षानं तरुण, आणि मागे वळून बघायलाही तयार नव्हता.

त्या हरण्यानंतर मी दोन-तीन दिवस धड जेवलो नाही. आईनं ते पाहिलं. चौथ्या दिवशी ताट पुढे सरकवून तिनं चौकशी केली.

"पयलो कोण इलो?"

"होता कोणीतरी. सैन्यातला."

"मगे तुका त्याच्या फुडे जावचा होता?"

"नाही गं आये. मला माझ्याच पुढे जायचं होतं. मागच्या वर्षीच्या माझ्या."

आई म्हणाली, "माणूस माणसाक हरवता ता समाजता. पण आपणाकच हरवूचा म्हणजे देवच व्हयो." मला हसू आलं. त्या हसण्यात मी जेवलो, आणि तिला वाटलं विषय संपला, असं मला वाटलं.

मे महिन्यात ती गावी गेली आणि परत एसटीतून उतरली ती अनवाणी. म्हटलं, "आये, चप्पल खंय?" तर म्हणाली, "रवली थंय." देवळाच्या बाहेरून चप्पल चोरीला जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. मी दुसऱ्याच दिवशी नवी आणून दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, "बरी आसा," म्हणाली आणि फळीवर ठेवून दिली. ऊन तापलेलं, खालचा डांबरी रस्ता पाघळलेला, आणि ही बाई तशीच पाणी भरतेय, तशीच शाळेत जातेय. शेवटी शेजारच्या तारामावशीनं मला नळावर गाठून सांगितलं, "अरे, तुला ठाऊकच नाही? गावच्या सातेरीला नवस बोललीय ती. तुझा टाइम त्या पहिल्या वर्षीच्यापेक्षा कमी होईस्तोवर पायात चप्पल घालायची नाही म्हणून."

मी हंडा तिथेच ठेवून वर गेलो. भांडलो. जमेल तेवढं ओरडलो. ती पोळपाट धूत होती.

"असला नवस बोलायला तुला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं.

"कोणी नाय."

"मग मला विचारायचं तरी!"

"देवीक इचारलंय. तुका कित्याक इचारू? तू काय देव आसस?"

नवस बोललेला असतो, तो फिटल्याशिवाय सुटत नाही. आमच्याकडे याबाबतीत वकील-कोर्ट काही चालत नाही. मी नास्तिक होतो असं नाही, आणि देवभोळाही नव्हतो. दोन्हींच्या मधल्या पायरीवर बसलेली जी असंख्य माणसं असतात त्यांतला एक. तरी तिची समजूत खोडून काढायची माझी छाती झाली नाही. तिनं आपले पाय माझ्या पायांना बांधून टाकले होते आणि आता मी थांबलो असतो, तर ती जन्मभर तशीच राहिली असती.

त्यानंतरची थंडी ही माझ्या आयुष्यातली सर्वांत दमलेली थंडी. आधी मी हौसेनं धावायचो, आता मला कामावर गेल्यासारखं धावावं लागलं. पहाटे पेजेच्या वाडग्यामागे तिच्या टाचा दिसायच्या. थंडीनं भेगाळलेल्या, त्यांत माती शिरून काळ्या रेषा झालेल्या. रात्री ती त्यांत आमसुलाचं तेल भरायची, आणि माझ्या पोटऱ्यांनाही तेच तेल चोळायची. मी नको म्हणायचो. ती ऐकायची नाही. एका वाटीतलं तेल, आधी माझे पाय, मग तिचे.

डॉमनिकला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्यातपण असतं असं. माझी मम्मी नवसाला माउंटच्या चर्चला चालत जाते. पण वाट लागली ना यार तुझी." मग त्यानं थट्टा बंद केली आणि चढावर माझ्या पुढे राहून धावायला लागला, म्हणजे मला त्याच्या पाठीकडे बघून ओढ लागावी. मला खरं तर त्याची थट्टा जास्त बरी वाटायची.

दमणं किती प्रकारचं असतं, हे मी त्या काही महिन्यांत शिकलो. पायांचं दमणं सगळ्यांत सोपं. मीठ घातलेल्या गरम पाण्यात ते अर्धं विरघळतं. लेथसमोर डोळे मिटायला लागतात ते जरा कठीण, कारण तिथे बोट जाऊ शकतं. पण आपल्याला हवी असलेली गोष्ट आता आपल्याला नकोशी झालीय आणि तरी ती करायचीय, हे दमणं झोपेनं जात नाही. रविवारी लांबचं धावून आल्यावर मी चाळीच्या पायऱ्यांवर बसायचो. खालून कोणीतरी हंडा घेऊन चढत यायचं आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, "काय, झाला का टाइम?" अख्ख्या चाळीला माझ्या टाइमची चौकशी. भाजीवाल्यालासुद्धा. एखाद्याचं लग्न जमत नाही तेव्हा लोक जसे विचारतात, अगदी तसं.

शर्यतीच्या सकाळी चांगलंच धुकं होतं. छातीवर नंबराचं कापड सेफ्टी पिनांनी लावलेलं, पायात तळ झिजलेले कॅनव्हासचे बूट. आई आणि तारामावशी आधीच बसनं आरेत जाऊन चढावर उभ्या राहणार होत्या. आईनं शर्यत कधी पाहिलेली नव्हती. डॉमनिक त्या वर्षी धावला नाही. घड्याळ घेऊन तलावाशी, शेवटच्या रेषेवर थांबला.

पहिली फेरी मी आज आठवली तरी बरं वाटतं. थंड हवा, अंगात पेज, आणि पाय ऐकत होते. परतीच्या चढावर गोठ्यातल्या भय्यांच्या घोळक्यात दोन नऊवारी दिसल्या. तारामावशी ओरडली, "मार, मार! जोरात!" आई ओरडली नाही. पदर डोक्यावरून घेऊन नुसती बघत होती. पवईला वळलो तेव्हा डॉमनिकनं घड्याळ डोक्यावर धरून नाचवलं. मी पुढे होतो, माझ्या स्वतःच्या पुढे, चांगला भरपूर.

दुसऱ्या फेरीत ऊन निघालं. गोरेगावच्या टोकाला कोणीतरी हातात संत्र्याची फोड दिली ती गिळवेना. पाणी मी घेत नव्हतो. धावताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते असं आम्हाला शिकवलेलं होतं आणि आम्ही ते वेदवाक्य मानायचो. परतीचा शेवटचा मोठा चढ आला तेव्हा मला रस्त्याची फक्त मधली पट्टी दिसत होती. कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. तरी हिशेब चालू होता. हा चढ संपला की उतार, उतारानंतर तलाव, आणि तलावाशी आईची चप्पल. होतंय. आज होतंय.

"रव रे! वायच रव!"

आई रस्त्याच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात पसरून, बस अडवावी तशी. मी बाजूनं जायला बघितलं तर ती बाजूला आली. "आये, सोड!" मी म्हटलं, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. तिनं माझा दंड धरला आणि उजवी मूठ माझ्या डोक्यावरून खाली, पायांपर्यंत, परत वर, अशी फिरवायला लागली.

"आल्याची, गेल्याची, बघणाऱ्याची, धावणाऱ्याची, बऱ्याची, वायटाची..."

ती माझी दृष्ट काढत होती! भर शर्यतीत! मागचे दोघे-तिघे आमच्याकडे बघत बाजूनं पुढे निघून गेले. गोठ्यातले भय्ये हसत होते. तारामावशी डोक्याला हात लावून म्हणत होती, "अगो, सोड त्याला, काय करतेस!" पण आईची एक ओवाळणी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. घाई नाही, गडबड नाही. घरी संध्याकाळी उंबऱ्यावर बसवून काढते तशीच, सगळे शब्द म्हणून. मग तारामावशीच्या हातातल्या तांब्यातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं, उरलेलं जबरदस्तीनं पाजलं, पदरानं तोंड पुसलं आणि दंड सोडला. "जा आता."

मी गेलो. उतारावर पाय मोकळे झाले, डोळ्यांपुढचं सगळं परत रुंद झालं. तलाव दिसला, रेषा दिसली. रेषा ओलांडून मी डॉमनिककडे बघितलं. तो घड्याळाकडे बघत होता आणि वर बघायला तयार नव्हता.

जेवढा वेळ मी त्या चढावर आईसमोर उभा होतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळानं माझा टाइम हुकला होता.

पुढच्या दोन थंड्यांत मी पुन्हा धावलो. दरवेळी आणखी उशिरा आलो. वय काही थांबत नाही, आणि तो पुढे पळणारा मी दरवर्षी आणखी लांब जात राहिला. मग गुडघ्यानं संप केला. गावी जाऊन देवीला कौल लावू, नवस बदलून मागू, असं मी आईला किती वेळा म्हटलं. "देवीचा आणि माझा मी बघून घेतंय," ती म्हणायची. लग्नानंतर माझ्या बायकोनंही विनवून बघितलं. तोवर आईचं उत्तर बदललं होतं: "आता चप्पल घातली की पाय गुदमारतत गो." मुलुंडच्या गुळगुळीत फरशीवरही ती अनवाणी चालली, मृणालला बालवाडीत सोडायला अनवाणी गेली आणि दवाखान्यात शेवटी गेली तीही तशीच. तिचे पाय मी धुतले तेव्हा भेगा इतक्या जुन्या झाल्या होत्या की त्यांत माती राहिली नव्हती.

म्हणून मृणालला मी आकडा सांगत नाही. सांगितला, तर ती म्हणेल, अरे वा, बाबा, भारीच की. आणि मला त्या शर्यतीच्या दिवशीची परतीची वाट आठवेल.

बसमधून उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तारामावशी भाजी घ्यायला खालीच थांबली. आई पुढे, मी मागे, असे आम्ही डोंगर चढायला लागलो. माझ्या पायांना फोड आले होते म्हणून बूट हातात होते. बसमध्ये टाइमचा विषय निघाला नव्हता. रागानं माझं डोकं तडकत होतं. हिला सांगायचं तरी कसं, की तूच अडवलंस, तुझीच चप्पल तू अडवलीस? सांगून ती कोसळली तर? मी ठरवत होतो, पाय गळाले म्हणून सांगू. ऊन होतं म्हणून सांगू.

अर्ध्या चढावर तिनंच विचारलं, न वळता.

"नाय ना झाला?"

"नाही, आये. थोडक्यात राहिलं. पाय गळाले."

"पाय नाय गळाले. मी अडवलंय."

मी थांबलो. ती अजून दोन पायऱ्या चढली आणि मग वळली.

"तुला ठाऊक होतं? टाइम जाणार म्हणून?"

"शाळेत पोळ्ये लाटतंय म्हणान काय घड्याळ कळणा नाय माका? पयल्या फेरीक माझो झील धावत होतो. दुसऱ्या फेरीक कोण होतो ता माका वळाखला नाय. ओठ पांढरे, डोळे खंयचे खंय. हाक मारलंय, तर बघलंस पण नाय."

"मग पाणी द्यायचं होतंस फक्त. दृष्ट कसली काढत बसलीस?"

"पाणी घेतलं असतंस? ढकलून गेलं असतंस माका. दृष्ट काढताना तू लहानपणापासून कधी हललंस नाय." तिनं कमरेवर हात ठेवला, तिलाही धाप लागली होती. "तीन वेळा ओवाळलंय, सावकाश. तुझा काळीज जाग्यार येयसर."

"आणि नवस? तुझे पाय?"

"ह्या पायांनी मी जन्मभर डोंगार चढलंय, ते खंय जातत? बस वायच. दम खा."

मी पायरीवर बसलो. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत तिथून हलली नाही.